गिअरची करकर : दोष गिअरबॉक्सचा की क्लचचा?

सिग्नल हिरवा होतो. पहिल्यातून दुसऱ्या गिअरमध्ये जाताना लिव्हरखालून ‘कर्रर्र’ असा आवाज येतो आणि गाडीत बसलेल्या सर्वांच्याच अंगावर काटा उभा राहतो. चालक ओशाळून क्लच पुन्हा दाबतो, गिअर या खेपेस निमूट पडतो आणि प्रसंग तेवढ्यावर निभावतो. पण आठवड्याभरात हाच आवाज दिवसातून चार-पाच वेळा ऐकू येऊ लागला, की गाडी गॅरेजच्या दारात जाऊन उभी राहते. तेथे बहुधा एकच वाक्य कानी पडते, ‘साहेब, गिअरबॉक्स उतरवावा लागेल.’

हे निदान काही वेळा अचूक असते, तर अनेकदा घाईचे. आवाज गिअरबॉक्समधून येतो हे खरे. त्याचे कारण मात्र क्लचच्या केबलमध्ये, ब्रेक ऑइलच्या डबीत किंवा चालकाच्या पायाखालच्या जाड मॅटमध्येही दडलेले असू शकते. केबलचा ताण दुरुस्त करायला काही मिनिटे आणि किरकोळ मजुरी पुरते. गिअरबॉक्स उतरवून उघडायचा म्हटले, की काही दिवसांचा आणि हजारो रुपयांचा हिशेब सुरू होतो. या दोन टोकांमधले अंतर ओळखण्यासाठी कोणतेही महागडे यंत्र लागत नाही. आवाज नेमका केव्हा येतो, कोणत्या गिअरला येतो, इंजिन बंद असताना काय होते आणि गाडी तापल्यावर काय होते, एवढे गाडीमालकाने शांतपणे तपासले, तरी दोषाचे घर बरेचसे सापडते.

काय घासते, कशावर घासते?

‘गिअरचे दाते एकमेकांवर घासतात’ असा सर्वसाधारण समज आहे. तो अर्धवट खरा आहे. आजच्या मोटारींच्या गिअरबॉक्समध्ये पुढे जाण्याच्या सर्व गिअरची दातेरी चाके कायम एकमेकांत गुंतलेलीच असतात. ती लिव्हर हलवल्याने जवळ येत नाहीत की दूर जात नाहीत. प्रत्येक जोडीतील एक चाक आपल्या दांड्यावर मोकळे फिरत असते. लिव्हर हलवली, की एक कडे, ज्याला स्लीव्ह म्हणतात, दांड्यावरून सरकते आणि त्या मोकळ्या चाकाला दांड्याशी जखडून टाकते. हे जखडणे ज्यांच्या साहाय्याने होते, ते चाकाच्या बाजूला असलेले लहान टोकदार दात. करकर होते ती या लहान दातांवर स्लीव्ह आपटल्याने, मोठ्या दातेरी चाकांमुळे नव्हे. म्हणूनच एकदोनदा आवाज आला म्हणजे गिअर ‘तुटला’ असे समजून घाबरण्याचे कारण नसते. मात्र हे लहान दात रोज थोडे थोडे झिजत, बोथट होत जातात, आणि ती झीज भरून येत नाही.

स्लीव्ह आपटते, कारण तिची गती आणि चाकाची गती वेगळी असते. धावती लोकल पकडणारा माणूस आधी फलाटावर तिच्या वेगाने धावतो आणि मगच दांडीला हात घालतो. उभ्या जागेवरून उडी घेतली तर काय होईल, हे मुंबईकरांना सांगायला नको. गिअरबॉक्समध्ये हे ‘आधी धावण्याचे’ काम सिंक्रोनायझर नावाची रिंग करते. ती बहुधा पितळेची असते. स्लीव्ह पुढे सरकू लागली, की ही रिंग चाकाच्या निमुळत्या भागावर दाबली जाते, छोट्या ब्रेकसारखी घासून दोन्हींचा वेग जुळवते आणि वेग जुळेपर्यंत स्लीव्हची वाट अडवून धरते. वेग जुळला, की वाट मोकळी होते व गिअर अलगद पडतो. हे सारे सेकंदाच्या अंशात घडते.

या रिंगवर किती भार पडतो, याची कल्पना एका साध्या हिशेबावरून येईल. समजा, एखाद्या छोट्या मोटारीच्या पहिल्या गिअरचे प्रमाण ३.५ आणि दुसऱ्याचे १.९ आहे. पहिल्या गिअरमध्ये इंजिन मिनिटाला ३,००० फेरे घेत असताना चालकाने दुसरा गिअर टाकला, तर गाडीचा वेग तोच राहिल्याने गिअरबॉक्सच्या इंजिनाकडील दांड्याला सुमारे १,६३० फेऱ्यांवर यावे लागते. म्हणजे जवळपास १,४०० फेऱ्यांची घट त्या बारीकशा पितळी रिंगला घडवून आणायची असते. क्लच पूर्ण दाबलेला असेल, तर तिला फक्त तो दांडा आणि त्याच्या टोकावरची क्लच प्लेट एवढेच वजन आवरायचे असते. क्लच अर्धवट सुटलेला असेल, तर मात्र तिची झुंज थेट चालत्या इंजिनाशी लागते. त्या झुंजीत ती हरते आणि हरल्याची वर्दी म्हणजे तो ‘कर्रर्र’.

सारे निदान या एका गोष्टीभोवती फिरते. रिंग स्वतः झिजली म्हणून हरली, की क्लचने तिच्यावर इंजिन सोडले म्हणून हरली? दोन्ही वेळी आवाज एकच.

सिंक्रोनायझर ही सोय तशी जुनी आहे. अमेरिकेतील कॅडिलॅक कंपनीने १९२८ मध्ये ती मोटारींत आणली. भारतातील रस्त्यांवर मात्र तिच्याशिवायचा काळ बराच लांबला. जुन्या अ‍ॅम्बेसेडरमध्ये आणि फिएटच्या प्रीमियर पद्मिनीमध्ये पहिल्या गिअरला सिंक्रोनायझर नव्हता. गाडी पूर्ण थांबल्याशिवाय पहिला गिअर टाकायचा नाही, ही शिस्त त्या पिढीच्या चालकांच्या अंगी आपोआप बाणली होती. पद्मिनीच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सी ऑक्टोबर २०२३ अखेर मुंबईच्या रस्त्यांवरून गेल्या. शिस्त त्याच्या कितीतरी आधी गेली होती.

पहिली कसोटी : इंजिन बंद ठेवून

तपासणीची सुरुवात गाडी सपाट जागेवर उभी करून, हँडब्रेक लावून आणि इंजिन बंद ठेवून करावी. क्लच पूर्ण दाबावा आणि पहिल्यापासून पाचव्यापर्यंत व नंतर रिव्हर्स असे सर्व गिअर एकेक करून टाकून पाहावेत. एखादा गिअर पडला नाही, तर लगेच निष्कर्ष काढू नये. उभ्या गाडीत दातावर दात समोरासमोर आल्यानेही तो अडतो. क्लच सोडून पुन्हा दाबला किंवा गाडी हाताने किंचित ढकलली, की तो पडतो.

आता इंजिन सुरू करून तीच कृती करावी. इंजिन बंद असताना लोण्यासारखे पडणारे गिअर इंजिन सुरू होताच जड होत असतील, पहिला टाकायला जोर लागत असेल, रिव्हर्सला खरखर होत असेल, तर संशयाची सुई गिअरबॉक्सवरून हटून क्लचकडे वळते. गिअरबॉक्स दोन्ही वेळी तोच होता. बदलले ते फक्त इंजिनाचे फिरणे. क्लच पूर्ण दाबूनही ते फिरणे गिअरबॉक्सपर्यंत पोहोचत असेल, तर गुन्हेगार उघड आहे. उलट, इंजिन बंद असतानाही एखादा विशिष्ट गिअर दर वेळी अडत असेल, तर दोष लिव्हर, तिच्या केबल किंवा आतील फोर्क यांत शोधावा लागतो.

रिव्हर्स काय सांगतो?

दुसरी कसोटी रिव्हर्सची. अनेक गाड्यांत रिव्हर्सला सिंक्रोनायझर नसतो. तेथे वेग जुळवणारे कोणी नसल्याने दांडा थांबेपर्यंत वाट पाहणे हाच उपाय असतो. इंजिन सुरू, गिअर न्यूट्रलमध्ये आणि क्लचवरून पाय काढलेला असताना गिअरबॉक्सचा तो दांडा इंजिनाबरोबर फिरत असतो. क्लच दाबल्याक्षणी तो थांबत नाही. सुटलेल्या भोवऱ्यासारखा स्वतःच्या गतीने थोडा वेळ फिरतो आणि ऑइलच्या विरोधाने दोन-तीन सेकंदांत थांबतो. त्यामुळे क्लच दाबताच घाईने रिव्हर्स टाकला आणि खरखर झाली, तर ती गाडीची नव्हे, चालकाची चूक होय.

मात्र क्लच दाबून चार-पाच सेकंद थांबल्यावरही रिव्हर्स टाकताना तीच खरखर होत असेल, तर दांडा थांबतच नाही असा त्याचा अर्थ होतो. तो थांबत नाही, कारण क्लच सुटत नाही. एवढी साधी ही परीक्षा आहे आणि ती बहुतेक वेळा खरी उतरते. एक अपवाद लक्षात ठेवावा. गाडी खूप तापल्यावर गिअर ऑइल पातळ होते आणि दांडा थांबायला थोडा अधिक वेळ लागतो. तेव्हा एखादा सेकंद जास्त द्यावा. काही नव्या गाड्यांत रिव्हर्सलाही सिंक्रोनायझर किंवा दांडा थांबवणारी छोटी योजना असते. अशा गाडीत थांबूनही खरखर झाली, तर तिची दखल अधिक गांभीर्याने घ्यायला हवी. आपल्या गाडीत काय आहे, हे तिच्या माहितीपुस्तिकेवरून किंवा सर्व्हिस सेंटरमध्ये विचारून कळते.

पुरावा आणखी पक्का करायचा असेल, तर समोर कोणी नाही अशा मोकळ्या, सपाट जागी जावे. क्लच तळापर्यंत दाबून पहिला गिअर टाकावा, हँडब्रेक सोडावा, उजवा पाय ब्रेकवर तयार ठेवावा आणि क्लच न सोडता अ‍ॅक्सिलरेटरला क्षणभर हलका स्पर्श करावा. गाडी पुढे सरकण्याचा प्रयत्न करू लागली, तर वेगळ्या साक्षीदाराची गरज उरत नाही. याच्या नेमका उलट दोष म्हणजे क्लच घसरणे; त्यात इंजिन ओरडते पण गाडी ओढत नाही. दोन्ही दोषांची गल्लत अनेक जण करतात. घसरणारा क्लच करकर करत नाही. करकर करतो तो न सुटणारा क्लच.

क्लच का सुटत नाही?

सर्वांत आधी पायाखाली पाहावे. पावसाळ्यात चिखल होऊ नये म्हणून मूळ मॅटवर दुसरी, जाड रबरी मॅट टाकण्याची पद्धत शहरांत सर्रास आढळते. ही मॅट पुढे सरकून पेडलखाली गोळा झाली, की पेडल तळापर्यंत जातच नाही. चालकाला वाटते आपण क्लच पूर्ण दाबला. प्रत्यक्षात शेवटचे एक-दोन सेंटिमीटर राहिलेले असतात आणि क्लच नेमका तेथेच सुटत असतो. सीट फार मागे ठेवून बसणाऱ्यांचेही हेच होते. या दोन गोष्टी तपासायला पैसा लागत नाही.

त्यानंतर केबल. क्लच केबलवर चालणारा असेल, तर पेडलला सुरुवातीला थोडी मोकळी हालचाल असते. हाताने हलकेच दाबून ती जाणवते. साधारणतः ती एक ते तीन सेंटिमीटर असते. नेमका आकडा माहितीपुस्तिकेत दिलेला असतो. केबल ताणली किंवा आतून तिचे तार तुटू लागले, की ही मोकळी हालचाल वाढते आणि तितकी पेडलची उपयोगी हालचाल कमी होते. ती पुन्हा जुळवणे हे छोट्या गॅरेजमध्येही होणारे काम आहे. मात्र तार तुटत असलेली केबल जुळवून चालवण्यापेक्षा बदललेली बरी. ती दगा देते ती हमखास गर्दीच्या वेळी, उड्डाणपुलाच्या चढावर.

बऱ्याच गाड्यांत केबलऐवजी ऑइलचा दाब वापरतात. तेथे पेडलजवळ मास्टर सिलिंडर आणि क्लचजवळ स्लेव्ह सिलिंडर असतो व दोहोंमधील नळीत ब्रेक ऑइल असते. ऑइलची पातळी खाली गेली असेल, पेडल स्पंजासारखे मऊ लागत असेल किंवा दोन-तीन वेळा पंप केल्यावर गिअर एकाएकी सहज पडत असतील, तर नळीत हवा शिरली आहे अथवा एखाद्या सिलिंडरचे रबर गेले आहे. पेडल दाबून धरल्यावर हळूहळू गाडी पुढे ओढू लागते, हेही मास्टर सिलिंडर आतून गळत असल्याचे लक्षण आहे. पेडलच्या मुळाशी किंवा गाडीखाली ओल दिसते का, तेही पाहावे.

केबल व ऑइल दोन्ही ठीक असतील, तरच दोष क्लचच्या पोटात आहे असे मानावे. प्लेट वाकणे, प्रेशर प्लेटच्या पट्ट्या झिजणे, रिलीज बेअरिंग किंवा त्याचा फोर्क खराब होणे ही त्याची कारणे. गाडी पावसाळ्यात अनेक आठवडे जागची हलली नसेल, तर प्लेट गंजून फ्लायव्हीलला चिकटते किंवा ज्या खाचांवरून ती सरकते, त्या गंजाने जाम होतात. इंजिनाची ताकद मागच्या चाकांना देणाऱ्या अनेक जीपवर्गीय गाड्यांत आणखी एक छोटे बेअरिंग फ्लायव्हीलच्या मध्यभागी, दांड्याचे टोक पेलण्यासाठी असते. ते जाम झाले, तर क्लच निर्दोष असूनही दांडा इंजिनाबरोबर फिरत राहतो.

पोटातील दोषासाठी गिअरबॉक्स खाली घ्यावाच लागतो. परंतु ‘खाली घेणे’ आणि ‘उघडणे’ या वेगळ्या गोष्टी आहेत, हे मालकाने पक्के लक्षात ठेवावे. क्लच बदलण्यासाठी गिअरबॉक्स इंजिनापासून सोडवला, तरी त्याच्या आतील एकाही चाकाला हात लावायची गरज नसते. बिलात या दोन कामांची सरमिसळ होऊ देऊ नये.

एकच गिअर करकरत असेल तर

रिव्हर्सची परीक्षा गाडी व्यवस्थित उत्तीर्ण झाली, पहिला गिअर उभ्या गाडीत सहज पडतो, पण धावत्या गाडीत फक्त दुसरा किंवा फक्त तिसरा गिअर करकरतो, असे असेल, तर मात्र त्या गिअरची सिंक्रोनायझर रिंग थकली आहे. न सुटणारा क्लच सहसा सर्वच गिअरना छळतो. झिजलेली रिंग आपापल्या घरापुरतीच बोलते. शहरातील गाड्यांत हा मान बहुधा दुसऱ्या गिअरकडे जातो. पहिला-दुसरा, दुसरा-पहिला हा खेळ ट्रॅफिकमध्ये दिवसभर चालतो, शिवाय वर हिशेबात दाखवल्याप्रमाणे या दोन गिअरमधील अंतरही मोठे असते.

खात्री करून घ्यायला जुन्या मालमोटारींच्या चालकांची युक्ती उपयोगी पडते. तिला डबल क्लच म्हणतात. क्लच दाबून गिअर न्यूट्रलमध्ये आणावा, क्लच सोडावा, पुन्हा दाबावा आणि मग पुढचा गिअर टाकावा. वरच्या गिअरमधून खालच्या गिअरमध्ये येताना, मधल्या क्षणी क्लच सोडलेला असतानाच, अ‍ॅक्सिलरेटरला छोटा झटका द्यावा. यात दांड्याचा वेग जुळवण्याचे काम रिंगऐवजी इंजिन करते. संथपणे किंवा अशा रीतीने टाकलेला गिअर आवाज करत नाही आणि एरवी भरभर टाकलेला करतो, तर रिंगची झीज जवळपास निश्चित समजावी. हीच युक्ती वापरून अशी गाडी काही काळ चालवताही येते. अर्थात तो इलाज नव्हे, मुदतवाढ आहे.

रिंग बदलायची तर गिअरबॉक्स उघडावाच लागतो. कारागीर जाणता असेल तर तो केवळ रिंग बदलून थांबत नाही. स्लीव्हच्या आणि चाकाच्या लहान दातांची टोके बोथट झाली आहेत का, तेही दाखवतो. बोथट दातांवर नवी रिंग बसवली, तर काही महिन्यांत रडगाणे पुन्हा सुरू होते. येथेच आधीच्या क्लचचा मुद्दा परत येतो. न सुटणाऱ्या क्लचकडे महिनोन्‌महिने दुर्लक्ष करणाऱ्याच्या गाडीतील रिंगा दररोज इंजिनाशी झुंजत झिजतात. केबलच्या किरकोळ खर्चाचे रूपांतर गिअरबॉक्सच्या मोठ्या खर्चात होते ते असे. आणि ज्याने आधीच गिअरबॉक्स दुरुस्त करून घेतला पण क्लच तसाच ठेवला, त्याच्या नव्या रिंगांचेही तेच होते.

ऑइलकडे कोणी पाहत नाही

इंजिन ऑइल बदलण्याची तारीख पाठ असलेल्या गाडीमालकाला गिअर ऑइल शेवटचे केव्हा बदलले, हे विचारले तर उत्तर येत नाही. सिंक्रोनायझर घर्षणावर चालतो आणि त्या घर्षणाचे स्वरूप ऑइलवर ठरते. ऑइल कमी असेल, जुने असेल किंवा चुकीचे असेल, तरी गिअर करकरू लागतात. हिवाळ्याच्या सकाळी पहिल्या दोन-तीन किलोमीटरपर्यंत दुसरा गिअर जड जाणे आणि गाडी तापल्यावर सुरळीत होणे, ही दाट झालेल्या ऑइलची खूण असते. पुणे-नाशिककडे थंडीत हा अनुभव नवा नाही. त्याची काळजी करू नये. उलट, थंड असताना ठीक आणि तापल्यावर करकर, हे लक्षण अधिक वाईट. त्यात ऑइल फार पातळ आहे किंवा रिंग संपत आली आहे.

‘जाड ऑइल टाका, आवाज जाईल’ हा सल्ला घेऊ नये. तसेच ‘महाग ते चांगले’ हेही येथे खरे नाही. गिअर ऑइलच्या डब्यावर जीएल-४ किंवा जीएल-५ असे लिहिलेले असते. जीएल-५ मध्ये जड दाब सोसण्यासाठी गंधक-फॉस्फरसयुक्त रसायने अधिक असतात. डिफरन्शियलसाठी ती उत्तम असली, तरी पितळी रिंगांना काही ऑइलमधील ही रसायने मानवत नाहीत आणि अति बुळबुळीतपणामुळे रिंगची पकडही ढिली पडते. त्यामुळे मोठा आकडा म्हणजे वरचा दर्जा असे समजून जीएल-४ च्या जागी जीएल-५ ओतणे हा महागातला मूर्खपणा ठरू शकतो. कंपनीने पुस्तिकेत जे लिहिले आहे, तेच वापरावे.

काढलेले ऑइल फेकण्याआधी पाहण्यासारखे असते. त्यात पितळेची सोनेरी झाक असेल तर रिंगा झिजत आहेत. खालच्या बोल्टला चुंबक असतो, त्यावर लोखंडाची काळसर बारीक लापशी दिसणे स्वाभाविक आहे. तुकडे दिसले, तर मात्र दात तुटला आहे. ऑइल दुधाळ दिसले तर पाणी शिरले आहे. २६ जुलै २००५ च्या महापुरात मुंबईत असंख्य गाड्या पाण्याखाली गेल्या. अशा वेळी इंजिनाची चर्चा होते, पण गिअरबॉक्सच्या श्वासनळीतून आत गेलेले पाणी विसरले जाते. दर पावसाळ्यात साचलेल्या पाण्यातून गाडी काढावी लागलेल्यांनी हे तपासून घेतलेले बरे.

लिव्हर, तिच्या केबल आणि जोडांमधली छोटी रबरी बुशे हेही एक ठिकाण. लिव्हर न्यूट्रलमध्ये हलगी वाजवल्यासारखी हलत असेल, गिअर पडतो पण खड्ड्यात सुटतो, असे होत असेल, तर स्लीव्ह पूर्ण बसत नाही. इंजिनाचे माउंटिंग बसल्यावरही असेच होते. ही कामे स्वस्त आहेत आणि म्हणूनच बहुधा शेवटी सुचवली जातात.

दुसरे आवाज

गिअर टाकतानाची करकर आणि गाडी चालताना येणारे बाकीचे आवाज यांची गल्लत करू नये. न्यूट्रलमध्ये येणारी घरघर क्लच दाबताच थांबत असेल, तर ती दांड्याच्या बेअरिंगची आहे. क्लच दाबल्यावरच सुरू होणारी किंचाळी रिलीज बेअरिंगची. गिअर कोणताही असो, वेगाबरोबर वाढणारा घुमारा बहुधा चाकाच्या बेअरिंगचा असतो आणि वळणावर येणारी टकटक ड्राइव्ह शाफ्टच्या जॉइंटची. रिव्हर्समध्ये येणारी लांबट ‘ऊंऊं’ मात्र आजार नव्हे. अनेक गाड्यांत त्या गिअरचे दाते सरळ कापलेले असल्याने तो आवाज जन्मजातच असतो.

हाताची आणि पायाची सवय

मेकॅनिकला दोष देण्याआधी चालकाने आपला डावा हात कोठे असतो, ते पाहावे. गिअर बदलून झाल्यावरही लिव्हरवर हात विसावून गाडी चालवण्याची ऐट अनेकांना असते. त्या हाताचा भार आतील फोर्कवर आणि फिरत्या स्लीव्हवर सतत पडत राहतो. डावा पाय क्लचवर टेकवून ठेवणे हे दुसरे व्यसन. त्याने रिलीज बेअरिंग आणि प्लेट झिजते. थांबत आलेल्या पण न थांबलेल्या गाडीत पहिला गिअर कोंबणे हे तिसरे. अनेक गाड्या तेथे करकरून निषेध नोंदवतात आणि तो रास्त असतो. नुकत्याच गाडी शिकलेल्यांच्या हातून क्लच पुरता दाबण्याआधीच लिव्हर ओढली जाते. त्यांच्यासाठी गाडी गॅरेजमध्ये नेण्यापेक्षा दुसऱ्या अनुभवी चालकाला एक फेरी मारायला द्यावी. त्याच्या हाताखाली आवाज आला नाही, तर प्रश्न तेथेच सुटला.

हा सारा प्रपंच केवळ पैशांसाठी नाही. बोरघाट किंवा कसाऱ्याचा घाट उतरताना खालचा गिअर टाकायला जावे आणि तो पडूच नये, ही कल्पना करून पाहावी. वरचा गिअर सुटलेला, खालचा पडत नाही, गाडी न्यूट्रलमध्ये उतारावर आणि सारा भार ब्रेकवर. तापलेले ब्रेक अशा वेळी ढिले पडतात. ज्या गाडीचा खालचा गिअर करकरतो, ती दुरुस्त होईपर्यंत घाटात नेऊ नये. नेणे भागच असेल, तर उतार सुरू होण्याआधीच, वेग कमी असताना, खालचा गिअर टाकून घ्यावा आणि घाट संपेपर्यंत तो बदलू नये.

गॅरेजमध्ये गेल्यावर ‘गिअर आवाज करतोय’ एवढेच सांगून किल्ली देणे टाळावे. ‘थंड असताना ठीक, तापल्यावर दुसरा गिअर करकरतो, रिव्हर्स चार सेकंद थांबून टाकला तर आवाज नाही, क्लच पंप केल्याने फरक पडत नाही’ असे सांगणाऱ्या ग्राहकाशी कारागीर वेगळ्या भाषेत बोलतो. शक्य तर त्याला शेजारी बसवून स्वतः गाडी चालवावी, आवाज करून दाखवावा. गिअरबॉक्स उतरवायचे ठरलेच, तर क्लच प्लेट, प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंग यांची अवस्था त्याच वेळी पाहून घ्यावी. या कामात मोठा वाटा मजुरीचा असतो आणि तीच मजुरी सहा महिन्यांनी पुन्हा देण्यात अर्थ नसतो. बदललेले सुटे भाग परत मागावेत. झिजलेली रिंग नव्या रिंगशेजारी ठेवली, की आतील बारीक रेषा पुसल्या गेलेल्या साध्या डोळ्यांनीही दिसतात. काम खरोखर झाले की नाही, याचा तो पुरावा.

भारतात २०१४ मध्ये सेलेरिओपासून लोकप्रिय झालेल्या, क्लच पेडल नसलेल्या ‘ऑटो गिअर शिफ्ट’ पद्धतीच्या गाड्यांचे मालक यातून सुटले, असे नाही. त्यांच्या पोटात गिअरबॉक्स तोच, क्लच तोच आणि पितळी रिंगाही त्याच असतात. फक्त पाय आणि हात यंत्राचे असतात. तेथे करकर ऐकू आली, तर घरगुती परीक्षा करण्यास फारसा वाव नाही. संगणकीय तपासणीची सोय असलेले केंद्र गाठावे.

जुनी गाडी विकत घेणाऱ्यांना मात्र या परीक्षांचा सर्वाधिक उपयोग आहे. विक्रेता गाडी आधीच फिरवून, तापवून ठेवतो का, हे पाहावे. बॉनेटवर हात ठेवून इंजिन गार असल्याची खात्री करावी आणि मगच सुरुवात करावी. इंजिन बंद ठेवून सर्व गिअर, इंजिन सुरू करून सर्व गिअर, चार सेकंद थांबून रिव्हर्स. मग रस्त्यावर दुसरा आणि तिसरा गिअर एकदा संथ, एकदा चपळाईने, वर चढताना आणि खाली उतरताना. अर्ध्या तासाने, गाडी पूर्ण तापल्यावर, तेच पुन्हा. मधल्या वेळेत विक्रेत्याने रेडिओचा आवाज वाढवला, तर तो बंद करण्याची विनंती करावी.